निजामकाळातले आजोबा, इंग्लंडातली नात: ओसीआयचे कागद गावाकडून कसे काढायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ गाव उदगीर तालुक्यातलं. तुमचे चुलत आजोबा हैदराबादेत डॉक्टर होऊन १९६२ साली इंग्लंडला गेले, पुढे तिथलंच नागरिकत्व घेतलं आणि तिथेच वारले. त्यांचा मुलगा १९७१ साली तिकडेच जन्मला, तो हयात आहे. त्याच्या मुलीला, म्हणजे तुमच्या चुलत बहिणीला, आता ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) काढायचंय. आजोबांचा भारतीय पासपोर्ट कुणालाच सापडत नाही आणि जन्माचा दाखला तर कधी नव्हताच. 'आजोबा भारतीय होते याचा पुरावा पाठवा' असा तिकडून निरोप आलाय, आणि तहसीलच्या आवारातला एकजण आजोबांचा जन्मदाखला नव्याने काढून देतो म्हणतोय.

त्या माणसाला आधी नाही म्हणून टाका. एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद आता जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अशा उशिराच्या नोंदींवर राज्यभर चौकशी लागली आणि नियम आणखी आवळले गेले. अशा वातावरणात १९३४ साली जन्मलेल्या, परदेशात वारलेल्या माणसाचा आज काढलेला दाखला लंडनच्या भारतीय दूतावासातल्या (उच्चायुक्तालयातल्या) अधिकाऱ्यापुढे ठेवला, तर तो पहिला प्रश्न त्या दाखल्यावरच विचारेल. शिवाय खोट्या कागदावर मिळालेलं ओसीआय नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ डी खाली रद्द होतं. तुमच्या घरात खरे कागद आहेत, फक्त ते दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच कामासाठी लिहिलेले आहेत.

मी लातूरला वकिली करतो आणि जुन्या नोंदी काढणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. वंशाने मिळणारं भारतीय नागरिकत्व हे कलम ४ मधलं प्रकरण. ते मुख्यतः परदेशात नोकरीला असलेल्या भारतीय आईबापांच्या लेकरांसाठी असतं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे परदेशात जन्मलेल्या अशा बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमच्या चुलत बहिणीला हे लागू नाही. तिचा विषय कलम ७ ए चा. ती ब्रिटिश नागरिकच राहील. व्हिसाविना कधीही येता-जाता येईल, इथे राहता येईल. मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. शेतजमिनीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे भावकीत तो उपयोगी पडणार आहे.

ओसीआयसाठी पूर्वज कोण चालतो? २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर कधीही भारताचा नागरिक असलेला, किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र असलेला, किंवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातला माणूस. अर्जदार त्याचं मूल, नातवंड किंवा पतवंड असावं. पतवंड हा शब्द कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आला, आणि तुमचं काम नेमकं त्याच शब्दाने सोपं होतं.

सगळे आजोबांच्या मागे लागलेत. आजोबांचं आयुष्य असं गेलं की इथे त्यांचे कागद कमीच असणार. लहानपणी शाळा, मग हैदराबाद, मग समुद्रापार. नावावर जमीन नाही, गावात मृत्यूची नोंद नाही, मतदार यादीत असतील-नसतील. आता त्यांच्या वडिलांकडे बघा. तुम्हीच लिहिलंय की ते गावात शेती करत होते आणि १९७४ मध्ये गावातच वारले. म्हणजे खासरा पाहणीत (जमीन कुणाची, कोण कसतो याच्या जुन्या सरकारी नोंदीत) त्यांचं नाव, सातबाऱ्यावर नाव, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, वारसाचा फेरफार तलाठ्याकडे. असा माणूस २६ जानेवारी १९५० ला भारताचा रहिवासी होता की नाही, यावर वाद घालायला कुणाला जागाच उरत नाही. त्या मुलीचे ते पणजोबा, आणि तुमचेही पणजोबा तेच. म्हणजे अर्धे कागद तुमच्याच माळवदाच्या घरातल्या ट्रंकेत असायची शक्यता आहे.

माझा सल्ला असा की मूळ पुरुष म्हणून पणजोबा धरा, आजोबांना मधली कडी करा. आणि आधी मुलीचा नव्हे, तिच्या वडिलांचा अर्ज भरा. त्यांच्यासाठी पणजोबा हे आजोबा होतात, साखळी एका कडीने आखूड होते. वडिलांचं कार्ड हातात आलं की मुलीच्या अर्जाला तेच मोठा आधार ठरतं. मूळ कागद तरी दोघांच्याही फाइलला लावायचेच.

आता हैदराबादचं प्रकरण. मराठवाड्याबाहेरच्या वकिलांना हे सांगावं लागतं. तुमच्या आजोबांचा जन्म ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला नाही, निजामाच्या राज्यात झालाय. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली तेव्हा ते भारताचं एक राज्य होतं. घटनेच्या अनुच्छेद ५ प्रमाणे ज्याचा अधिवास त्या दिवशी भारताच्या प्रदेशात होता आणि जो स्वतः या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एकजण इथे जन्मला, किंवा जो आधीची किमान पाच वर्षं इथेच राहत होता, तो नागरिक झाला. वेगळा अर्ज नाही, दाखला नाही. म्हणून 'नागरिकत्वाचं सर्टिफिकेट' शोधत बसू नका, ते कधी दिलंच गेलं नव्हतं. आपल्याला सिद्ध करायचंय ते इतकंच की हा माणूस त्या काळात इथला होता.

पण जिल्ह्याच्या नावाचा गुंता तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय ते वेगळंच. म्हणजे एकाच गावाचे कागद काढले तर एकावर 'जिल्हा बिदर, रियासत हैदराबाद', दुसऱ्यावर 'जि. उस्मानाबाद, मुंबई राज्य', तिसऱ्यावर 'जि. लातूर, महाराष्ट्र' असं दिसणार. लंडनमधला अधिकारी बिदर म्हटलं की कर्नाटक समजेल आणि लातूरच्या कागदाशी ते जुळवणार नाही. फाइलच्या सुरुवातीलाच चार ओळींत हा बदल तारखांसह लिहून द्या. किनवटवाल्यांचंही असंच होतं, तो तालुका आधी आदिलाबादेत होता.

याहून जपायची गोष्ट म्हणजे तिकडच्या कागदावर आजोबांचं जन्मस्थळ बहुधा नुसतं 'हैदराबाद' असेल. निजामाच्या राज्यातली माणसं परदेशात तसंच सांगायची. सिंधमध्येही एक हैदराबाद आहे आणि ते आज पाकिस्तानात आहे. ओसीआयच्या कायद्यात स्पष्ट अट आहे की अर्जदार स्वतः, त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असेल तर कार्ड मिळत नाही. त्यामुळे 'हैदराबाद' म्हणजे दख्खनचं हे शाळेच्या नोंदीवरून दाखवावंच लागेल. हीच अट मुलीच्या आईकडूनही तपासा, कारण ती दोन्ही बाजूंना लागते. पोलीस ॲक्शननंतर (हैदराबादवरच्या १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर) मराठवाड्यातल्या काही घरांतला एखादा भाऊ कराचीला गेला, एखादा इथेच राहिला. पूर्वजाचा भाऊ तिकडे गेला असेल तर अडचण नाही. थेट वरच्या ओळीतला कुणी तिकडचा नागरिक झाला असेल तर अर्जच बसत नाही. हे पैसे खर्च करण्याआधी विचारून घ्या, नंतर नको.

आता गावाकडचे कागद. सगळे लागणार नाहीत, पण कुठे काय असतं ते कळलं म्हणजे एक कपाट रिकामं निघालं तरी हात टेकावे लागत नाहीत.

सगळ्यात वजनदार म्हणजे शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आजोबा आणि पणजोबा यांना जोडणारी कडी तीच. निजामाच्या काळात प्राथमिक शाळा तहतानिया, मधली वस्तानिया आणि हायस्कूल फौकानिया. या शाळांची रजिस्टरं नंतर जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळांकडे आली. आजोबा ज्या शाळेत शिकले तिचं आजचं नाव काय, हे गावातल्या जुन्या माणसाला विचारा, कारण बोर्ड बदललेला असतो, रजिस्टर तेच असतं. उर्दूत लिहिलेलं असेल. आडनाव बहुतेक नसतं. उदाहरणच घ्यायचं तर ओळ अशी असते: 'माधव वल्द गणपत, साकिन मौजे अमुक, तालुका उदगीर'. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. हा एक शब्द तुमच्या साखळीची कडी आहे.

जन्मतारीख मात्र फसलीत, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली सनात, असेल आणि इथे बरेचजण चुकतात. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून, चालू व्हायचं. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. फसली सालात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचं इसवी सन निघतं, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. उताऱ्यात 'खुर्दाद १३४३' असेल तर खुर्दाद सातवा महिना, म्हणजे साधारण एप्रिल, म्हणून १९३४. डोळे झाकून ५९० मिळवणारा भाषांतरकार १९३३ लिहून ठेवतो, मग इंग्लंडातल्या कागदावरचं १९३४ आणि इथलं १९३३ असा वाद उभा राहतो. तारखेचं रूपांतर करताना मूळ फसली तारीख तशीच ठेवून कंसात इसवी लिहायला सांगा.

महसुलाचे कागद पणजोबांसाठी. मराठवाड्यात १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाला मान आहे. जमिनीच्या खटल्यात आम्ही वकील पहिल्यांदा तेच काढतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या, गट नंबर नव्हे तर जुना सर्व्हे नंबर टाका. तो ट्रंकेतल्या जुन्या पावतीवर किंवा गट जुळवणीच्या तक्त्यात मिळेल. नक्कल घेताना 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शेरा, सही, शिक्का आणि तारीख बघूनच खिडकी सोडा. दोन-तीन नकला एकदमच घ्या, म्हणजे वडिलांच्या आणि मुलीच्या फाइलला वेगवेगळ्या लावता येतील. मोबाईलवर दिसतो तो आजचा सातबारा, त्यात १९५० चं काही नसतं. पणजोबांच्या जमिनीवर कूळ असेल तर १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याखालचं संरक्षित कुळांचं रजिस्टर बघा, त्यात मालकाचं आणि कुळाचं दोघांचंही नाव असतं. घराणं वतनदार किंवा इनामदार असेल तर मुंतखब (वतन-इनाम मान्य केल्याचा निजाम सरकारचा लेख) निघू शकतो. निजाम सरकारचं मोठं दफ्तर आज हैदराबादेत तारनाक्याला तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहे. साध्या शेतकरी घराला इतकं लांब जायची गरज पडत नाही.

एका कागदाबद्दल तहसीलदारांना मुद्दाम विचारा: नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, सन १९५१. स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेबरोबर गावोगाव घरवार यादी झाली होती. अलीकडे कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात जी जुनी दफ्तरं तपासली गेली त्यांत हेही होतं. त्यामुळे कुठल्या गावाची वही शिल्लक आहे हे आता तहसीलमधल्या कारकुनांना पूर्वीपेक्षा बरंच ठाऊक आहे. नशिबाने तुमच्या गावाची वही असेल तर पणजोबांचं सगळं घर एका पानावर सापडेल, आणि कागदाचं शीर्षकच बोलकं आहे. नसेल तर रडत बसू नका, खासरा आणि शाळा पुरतात.

मृत्यूची नोंद १९७४ ची, म्हणजे १९६९ च्या कायद्यानंतरची. ग्रामसेवकाकडे सापडायला हवी. सापडली नाही तर 'नोंद उपलब्ध नाही' असं लेखी प्रमाणपत्र घ्या. आजोबांच्या जन्माबद्दलही हेच करा. नोंद उपलब्ध नाही हे अधिकृतपणे सांगणारा कागद नव्याने काढलेल्या दाखल्यापेक्षा शंभर पट स्वच्छ असतो.

'रेकॉर्ड सापडत नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, रजिस्टर प्रत्यक्ष बघायची मागणी करा. हा अर्ज तुमच्या नावाने करा, इंग्लंडातल्या बहिणीच्या नव्हे, कारण माहितीचा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. तिच्याकडून आणि तिच्या वडिलांकडून साधं अधिकारपत्र मागवून ठेवा, नकला काढताना कारकून विचारतात.

वारसाचा फेरफार हा या सगळ्यातला सर्वात गोड आणि सर्वात कडू कागद. पणजोबा वारल्यावर गाव नमुना ६-क मध्ये वारस लिहिले गेले, त्यावरून फेरफार पडला. चांगल्या घरात तो असा असतो: 'मयत गणपत यांचे वारस मुले १) अमुक, २) तमुक, ३) माधव, राहणार विलायत'. असा मिळाला तर आजोबा-पणजोबा नात्याचा सरकारी पुरावा १९७४-७५ चा, आणि परदेशी राहत असल्याचा उल्लेखही त्यातच. बऱ्याच घरांत मात्र विलायतेतल्या भावाचं नाव लिहिलेलंच नसतं, किंवा बहिणींसारखं हक्कसोड करून काढून टाकलेलं असतं.

आणि इथूनच भावकी जागी होते. तुम्ही तलाठ्याकडे जुना फेरफार मागितला की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा: इंग्लंडवाले वाटणी मागायला आले. तलाठी सज्जावर जायच्या आधी काकांना आणि चुलत्यांना बसवून सरळ सांगा की हा कागद लंडनच्या दूतावासात जायचाय, तिला इथे शेतजमीन विकत घेताच येत नाही, आणि वारसाचा हक्क असेल-नसेल तो कार्डामुळे बदलत नाही. नाव गाळलेलं असेल तर तो फेरफार फाइलला लावू नका, आणि 'दुरुस्त' करायलाही जाऊ नका. तसं केलं की ओसीआय बाजूला राहून तहसीलला वेगळंच प्रकरण उभं राहतं. नात्याची कडी शाळेच्या उताऱ्याने आणि खाली सांगतो त्या विलायती कागदाने जुळते.

वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करून द्या, हरकत नाही. पण ते पुरावा म्हणून नव्हे, नकाशा म्हणून. तिच्यातली प्रत्येक रेष एखाद्या जुन्या कागदाने धरून ठेवली पाहिजे. पोलीस पाटलाचा दाखला, सरपंचाचं पत्र असले कागद लोक हौसेने जोडतात. आजचा सरपंच १९३४ च्या जन्माबद्दल काय सांगणार?

इंग्लंडातून काय मागवायचं ते बहिणीला आजच कळवा, कारण तिथला कागद वेळेत येतो आणि त्यावरून इथे काय शोधायचं ते ठरतं. जन्मदाखला तिथे दोन प्रकारचा असतो, आखूड आणि पूर्ण. आखूड दाखल्यावर आईबापांची नावं नसतात, तो इथे कामाचा नाही. तिचा आणि तिच्या वडिलांचा, दोघांचाही पूर्ण दाखला हवा. १ एप्रिल १९६९ पासून इंग्लंडच्या पूर्ण दाखल्यावर आईबापांचं जन्मस्थळही लिहितात. वडिलांचा जन्म १९७१ चा, म्हणजे त्यावर आजोबा कुठे जन्मले ते असणारच. तिथे 'उदगीर' लिहिलं असेल तर दिवाळी, 'बिदर' असेल तर ठीक, 'हैदराबाद' असेल तर वर सांगितलेली काळजी घ्या.

दुसरा कागद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आजोबांचं लग्न तिकडे लागलं असेल तर त्यांचा विवाह दाखला. इंग्लंडच्या विवाह दाखल्यावर नवरा-नवरीच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहायची जुनी पद्धत आहे. म्हणजे उदगीरच्या शेतकऱ्याचं नाव इंग्लंडच्या रजिस्टरात, मुलाच्या सहीसमोर. फेरफाराने दगा दिला तरी हा कागद कडी पक्की करतो. आजोबा ब्रिटिश नागरिक झाले त्याचं प्रमाणपत्रही हवं. घरात नसेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विचारा. त्या प्रमाणपत्राची तारीख आणि मुलाच्या जन्माची तारीख यांत आधी कोणती, हे बघा. मुलगा आधी जन्मलेला असेल तर त्याच्याकडे कधी भारतीय पासपोर्ट होता का, असं अर्जाच्या वेळी विचारलं जाईल. असेल तर तो परत केल्याचा कागद लागेल, नसेल तर तसं खरं लिहायचं. आजोबा डॉक्टर होते, त्यामुळे जनरल मेडिकल कौन्सिलच्या जुन्या रजिस्टरात त्यांचं नाव आणि उस्मानिया विद्यापीठाची पदवी असणार. पदवीच्या प्रतीसाठी उस्मानियालाही लिहिता येतं.

नावाचा प्रश्न मी शेवटी ठेवलाय, पण फायली सर्वात जास्त इथेच अडकतात. तुम्ही लिहिलंय की गावात आडनाव बिरादार आणि तिकडे सगळे 'राव'. हे हैदराबादेत शिकलेल्या पिढीचं नेहमीचं. माधवराव गणपतराव असं नाव कॉलेजात लागलं, पासपोर्टवर 'राव' आडनावाच्या रकान्यात गेलं आणि तीन पिढ्या त्याच नावाने वाढल्या. त्यासाठी राजपत्रात नावबदल करायची गरज नाही, आणि मेलेल्या माणसाचा तो होतही नाही. दोन्ही नावं किंवा निदान दोन नावांमधला पूल दाखवणारा एक जुना कागद शोधा: मॅट्रिकचं प्रमाणपत्र, पदवी, गावाकडे आलेलं एखादं पाकीट ज्यावर बिरादारांच्या घराचा पत्ता आणि पाठवणारा डॉ. राव. त्याच्या जोडीला 'एकाच व्यक्तीची ही नावं' असं तुमच्या घरातल्या ज्येष्ठाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. अशा कामात ज्येष्ठ माणसाचं वय आणि नातं स्पष्ट लिहा. आजोबांना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हवा, ऐकीव नको.

भाषांतरकाराला एक ताकीद द्याच. मूळ कागदात 'माधव वल्द गणपत' असेल तर इंग्रजीतही तेवढंच यायला हवं. आपलेपणाने तो 'माधवराव गणपतराव बिरादार' लिहून टाकतो, अधिकारी मूळ आणि भाषांतर ताडून बघतो, आणि एका चांगल्या कागदाचा विश्वास जातो. उर्दू वाचणारे निवृत्त महसूल कर्मचारी आणि शिक्षक उदगीर-नांदेडकडे अजून मिळतात. त्यांच्याकडून आधी देवनागरीत जसंच्या तसं उतरवून घ्या, मग इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. इथल्या कागदांवर अपोस्टिलचा (कागद परदेशात चालावा म्हणून घेतात त्या सरकारी शिक्क्याचा) खर्च करू नका, ते भारताच्याच दूतावासात द्यायचेत. दूतावासाने लेखी मागितलं तर गोष्ट वेगळी.

फाइल पाठवताना वर एक पान लावा. डावीकडे पणजोबा, आजोबा, वडील, मुलगी. प्रत्येकाच्या समोर त्याच्या नावाचे सगळे प्रकार, जन्माचं ठिकाण जुन्या-नव्या जिल्ह्यासह, आणि त्याला पुढच्या पिढीशी जोडणारा कागद कितव्या पानावर आहे ते. ऑनलाइन अर्जात नाव फक्त पासपोर्टप्रमाणे टाका, बाकीचे प्रकार या पानावर राहू द्या. दूतावास आणखी काही मागेल तर लेखी मागू द्या, आणि मागितलं तेवढंच द्या. जास्तीचा प्रत्येक कागद म्हणजे नावाचा आणखी एक वेगळा प्रकार असतो.

या आठवड्यात तुम्ही करायचं ते इतकंच: ट्रंक उघडून पणजोबांच्या पावत्या, जुना सर्व्हे नंबर आणि आजोबांच्या शाळेचं नाव काढा, आणि बहिणीला दोन्ही पूर्ण जन्मदाखले व आजोबांचा विवाह दाखला मागवायला सांगा. हे हातात आलं की कुठली कडी कच्ची आहे ते दिसेल, मग तहसीलला कशाकशाचा अर्ज द्यायचा ते मी सांगतो.